दौलताबादचं मीठ आणि आर्टेटाचा स्ट्रायकर

मंगळवार, ८ एप्रिल २०२५ : लातूर ते बीड

ह्या ट्रिपची तारीख ठरवताना दाजींनी ऊन बघितलं आणि मी मॅचचं टायमिंग बघितलं. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, आर्सेनल विरुद्ध रियल माद्रिद, पहिली लेग (म्हणजे दोन मॅचपैकी पहिली) लंडनला, आपल्याकडं रात्री साडेबारा, म्हणजे त्या रात्री मुक्काम कुठंबी असू दे पण नेट पायजे, माझी येवढी एकच अट. दाजी म्हणले ऊन तर सगळीकडंच आहे, निघू.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, क्रिकेटवाले, फुटबॉलमधलं ऑफसाईड सोडून सगळं कळतं असं स्वतःच सांगतात. मागं मामेभाऊ पिंट्या, माझ्यासारखाच आर्सेनलवाला पण कट्टर 'आर्टेटा आऊट' पार्टीचा, म्हणजे मॅनेजरला काढा म्हणणाऱ्यांतला. २०१९ पासून त्याचं मत इंचभर हललेलं नाही आणि त्याला त्याचा अभिमान आहे. मी मात्र येवढ्या वेळा पार्टी बदलली की तो मला आयाराम गयाराम म्हणतो, फोनमध्ये नंबर पण त्याच नावानं सेव्ह आहे.

रेणापूर फाटा मागं पडला आणि दाजींनी विचारलं, "हा आर्टेटा नेमका कोण रे? तुम्ही दोघं लग्नात पण त्याच्यावरून भांडायलता."

मग अंबाजोगाई येईपर्यंत त्यांना सगळी कुंडली सांगितली. मिकेल आर्टेटा, स्पेनचा, २०११ ते २०१६ आर्सेनलकडूनच खेळला, कॅप्टन होता, नंतर मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओलाचा असिस्टंट आणि डिसेंबर २०१९ ला थेट आमचा मॅनेजर, त्याच्या आधी कुठंच मॅनेजर नाही, गल्लीतल्या टीमचा पण नाही. आमच्याकडं आधी वेंगर होते, १९९६ ते २०१८, त्यांनी २००४ ला ३८ मॅचमध्ये एकपण न हरता इंग्लंडची लीग जिंकली आणि तिथून पुढं लीग नाही ती नाहीच. ते गेल्यावर उनाय एमरी, दीड वर्षात त्याला काढला. मग हा. पिंट्या तेव्हाच म्हणला होता की पेपच्या मागं प्रॅक्टिसचे कोन उचलत फिरणाऱ्याच्या हातात आपला क्लब दिलाय. मी म्हणलं थांब जरा, बघू तरी. आणि आठ महिन्यात एफए कप! १ ऑगस्ट २०२०, फायनलला चेल्सी २-१, दोन्ही गोल ऑबामेयांगचे, रिकामं स्टेडियम, लॉकडाऊन चालू, आणि मी घरात असा ओरडलो की शेजारच्या काकू मास्क लावून दारात आल्या, कुणाला काय झालं का म्हणून. त्या काळात तसं ओरडणं बरं नव्हतं.

त्या डिसेंबरला ख्रिसमसच्या दिवशी आम्ही टेबलमध्ये पंधरावे. मी आऊट. दुसऱ्याच दिवशी चेल्सीला ३-१ मारलं, मी परत इन. मग ऑगस्ट २०२१, सीझनच्या पहिल्या तीन मॅच : ब्रेंटफोर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२, सिटीकडून ०-५, एकपण गोल नाही, नऊ खाल्ले, विसावा नंबर, म्हणजे खालून पहिला. तेव्हा मी पिंट्याला लिहून दिलं होतं की आता कायमचा आऊट. तो मेसेज त्यानं स्टार करून ठेवलाय.

"आणि तरी त्याला काढला नाही?" दाजी म्हणले. "आपल्या लातुरात असता तर क्लासवाल्यांनी फी परत देऊन पोरगं घरी पाठवलं असतं."

पिंट्या मागून म्हणला, "दाजी, लातुरात फी परत?" मग त्यावर बराच वेळ हसलो.

अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेतलं, गर्दी नव्हती. मग हत्तीखाना. लोक योगेश्वरी करून निघून जातात पण ही लेणी बघायलाच पायजे, अंगणात चार दगडी हत्ती आहेत, सोंडा तुटलेल्या, पाठी हात लावून लावून गुळगुळीत झालेल्या, आणि भर दुपारी त्यांच्या सावलीत दोन कुत्री आडवी पडलेली. तिथून केज, मग मांजरसुंब्याला चहा, बीडला पोचलो तर उन्हं कलली होती. कंकालेश्वर मंदिर बघितलं, बारवेच्या मधोमध आहे, चहूबाजूनं पाणी आणि पुलासारख्या वाटेनं आत जायचं. दाजींना तिथून हलायचंच नव्हतं आणि माझं सगळं लक्ष लॉजचं वायफाय चालतंय का नाही ह्याच्यावर.

चाललं. दाजी दहाला घोरायला लागले. आम्ही फोन स्टीलच्या ग्लासला टेकवून ठेवला आणि आवाज पाव टक्का.

मॅचच्या आधी माझं मत काय होतं ते सांगतो, कारण सगळा किस्सा त्याच्यावरच आहे. हा सीझन मला आर्टेटाचा भयंकर राग आलेला होता. जानेवारीत प्लेअर विकत घ्यायची ट्रान्सफर विंडो उघडी, आमचा स्ट्रायकर जेसुस इंज्युअर्ड, जगाला दिसायलंय की स्ट्रायकर पायजे, वॉटकिन्ससाठी त्याच्या क्लबला, ॲस्टन व्हिलाला, विचारलं, ते नाही म्हणले, मग कुणालाच नाही घेतलं. विंडो बंद झाली आणि फेब्रुवारीत दुबईच्या कॅम्पमध्ये हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंग गेला. झालं, एकपण स्ट्रायकर नाही. मग ह्यानं मेरिनोला, जो मिडफिल्डर म्हणून रियल सोसिएदादकडून आणला, त्याला नेऊन पुढं उभा केला. लीग कपच्या सेमीला न्यूकॅसलकडून दोन्ही लेग ०-२, आणि पहिली हरल्यावर हा म्हणतो बॉल वेगळा होता, हवेत जास्ती उडायलाय. अरे बॉल!

पहिला हाफ ०-०. पिंट्या म्हणला बघ, मिडफिल्डर स्ट्रायकर केल्यावर हेच होणार. मग ५८ व्या मिनिटाला फ्री किक, लांबनं, डेक्लन राइस उभा. ह्या माणसानं तोवर अख्ख्या करिअरमध्ये एकदाही डायरेक्ट फ्री किकवर गोल केलेला नव्हता. त्यानं भिंतीच्या बाहेरनं असा वळवला बॉल की त्यांचा कीपर कुर्त्वा नुसता झेपावला, पोचलाच नाही. मी उशी तोंडात धरली. बारा मिनिटांनी परत फ्री किक, परत राइस, ह्यावेळी वरच्या कोपऱ्यात. पिंट्या कॉटवर उभा राहिला, पंख्याची पाती त्याच्या डोक्यापासून वीतभर. आणि ७५ व्या मिनिटाला पोरगेल्या लुईस-स्केलीनं पास दिला आणि डायरेक्ट, एका टचमध्ये, मेरिनो. तोच तो, मिडफिल्डर. ३-०. पंधरा वेळा युरोप जिंकलेल्या माद्रिदला, आम्ही ज्यांनी एकदाही नाही जिंकली, २००६ ला फायनलला जाऊन बार्सिलोनाकडून हरलो तेवढंच.

दाजी जागे झाले. "किती झाले?"

"तीन."

"विकेट?"


बुधवार : बीड ते पैठण, मग संभाजीनगर

सकाळी उठवेना. गाडीत मी तर पूर्ण लोटांगण घालायच्या मूडमध्ये, आर्टेटा म्हणजे देवमाणूस, चॅम्पियन्स लीगच्या नॉकआऊटमध्ये एकाच मॅचला दोन डायरेक्ट फ्री किक मारणारा राइस हा पहिलाच प्लेअर, हे सगळं मी दाजींना दोनदा सांगितलं. गेवराईला पोहे खाताना पिंट्यानं फोन समोर धरला. राइसनंच मॅच झाल्यावर सांगितलेलं की आधी क्रॉस टाकायचं ठरलं होतं, मग त्यानं भिंत बघितली, कीपर कुठं उभाय ते बघितलं, आमचाच प्लेअर साका म्हणला तुला वाटतंय तर मार, आणि मारला.

"म्हणजे मॅनेजरचं ऐकलं असतं तर गोल झाला नसता," पिंट्या. "ह्याचं श्रेय तू त्याला कसं काय द्यायलास?"

मी म्हणलं अरे फ्री किकचा, कॉर्नरचा वेगळा कोच आहे आमच्याकडं, निकोला जोव्हर, २०२१ ला आर्टेटानंच आणला, सगळ्या इंग्लंडमध्ये आमच्या कॉर्नरची धास्ती आहे. पिंट्या म्हणला ते कॉर्नर झालं, मी फ्री किकचं विचारायलोय. खरं सांगायचं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून मी चटणी मागितली.

शहागडला गोदावरी ओलांडली, पाणी असं तसंच होतं. पाचोडवरून पैठणला वळलो. आधी नाथसागर. जायकवाडीचं धरण, १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, सत्तावीस दरवाजे. लातूरच्या माणसानं येवढं पाणी बघितलं की त्याच्या पोटात काहीतरी होतं, आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय, त्यामुळं मी तिथं नुसता उभा राहिलो, फोटो पण नाही काढला. दाजींनीच काढले, सगळ्यात त्यांचं बोट आलंय.

मग नाथांच्या समाधीला गेलो. तिथं एक आजोबा एका पोराला नाथांची ती गोष्ट सांगायलते, ती सगळ्यांना माहीत असलेली, नाथ गोदावरीत आंघोळ करून वर आले की एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा, नाथ परत जायचे, परत आंघोळ, परत तो थुंकायचा, असं एकशे आठ वेळा, शेवटी तोच दमला आणि पाया पडला. पोरगं म्हणलं, "मग नाथ दुसऱ्या रस्त्यानं का नाही गेले?" आजोबांना ह्याचं उत्तर सुचेना, म्हणले चल प्रसाद घे.

घाटावर बसून मी पिंट्याला म्हणलं, आपण पाच वर्षं आर्टेटावर हेच करायलोय. पिंट्या म्हणला नाथांना पगार नव्हता. हा मुद्दा बरोबर आहे.

पण तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली ती सांगतो. २०२१ ला मी ह्याच्यावर चिडायचो तेव्हा माझं म्हणणं असायचं की ह्याला कामच येत नाही, टीमला काय करायचंय ते कळत नाही, ही टीम खालच्या लीगमध्ये जाते का काय. आता मी चिडतो ते कशावर? २०२३ ला २४८ दिवस टेबलमध्ये एक नंबरला राहून शेवटी सिटीच्या मागं दुसरे, एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम दोघांशी दोन-शून्य पुढं असून २-२, मग साउदॅम्प्टनशी घरी ३-३, मग सिटीकडं जाऊन ४-१ नं हरलो, त्यावर. २०२४ ला ८९ पॉइंट करून सिटीचे ९१, त्यावर. ह्या सीझनला लिव्हरपूल कुठल्या कुठं पुढं गेलंय, त्यावर. म्हणजे पोरगं पास होतंय का म्हणून रडणारा बाप आता बोर्डात पहिलं का नाही आलं म्हणून रडायलाय. राग तेवढाच आहे, इयत्ता वाढली. लातूरच्या माणसाला हे बरोबर कळतं, आमच्याकडं दुसरा आलेल्याच्या घरी पण पेढे वाटतात पण आई आत जाऊन डोळे पुसते.

पिंट्याला सांगितलं. तो म्हणला, "मग? सलग दोनदा दुसरा आलेला पोरगा, तू त्याला तोच क्लास लावशील का बदलशील?"

पैठणीवाल्यांकडं फक्त बघितलं, ताईला व्हिडिओ कॉल लावला ही चूक दाजींनी केली, पुढचं सांगत नाही. रात्री संभाजीनगर, नान खलिया, झोप.


गुरुवार : दौलताबाद

सकाळी सातला निघालो कारण उन्हात तो किल्ला चढणं म्हणजे आजारपण विकत घेणं. तिकीट काढलं, चाँदमिनार बघितला, भारतमातेच्या मंदिराचे खांब बघितले, आणि मेंढा तोफेपर्यंत पिंट्यानं त्याचं आवडतं लेक्चर चालू केलं.

त्याचं म्हणणं, आर्टेटा म्हणजे तुघलक. दौलताबादला उभं राहून हे म्हणायला त्याला लय भारी वाटायलंतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ ला दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, माणसं चालत आणली, मग काही वर्षांनी परत दिल्लीला. आणि ह्याचे प्रयोग बघा म्हणला. टीम-टॉकला हातात लाइटचा बल्ब घेऊन येतो. जेवणाच्या टेबलावर प्रोफेशनल पाकीटमार बोलावून प्लेअरचे खिसे मारायला लावतो, म्हणजे सावध राहायचं त्यांना कळावं म्हणून. ट्रेनिंग ग्राउंडवर कुत्रा पाळला, त्याचं नाव विन. लिव्हरपूलला जायच्या आधी प्रॅक्टिसला स्पीकरवर लिव्हरपूलचंच गाणं मोठ्यानं लावलं, सवय व्हावी म्हणून, आणि तिथं जाऊन ४-० नं हरलो. पार्टी नावाच्या मिडफिल्डरला राइट बॅक खेळवला. आणि आता मेरिनो स्ट्रायकर.

दाजी म्हणले, "पाकीटमाराचं बरंय की. आपल्या बसस्टँडवर फुकट ट्रेनिंग मिळतं."

आम्ही एका गाइडच्या मागं मागं चालत होतो, पैसे दुसऱ्या फॅमिलीनं दिलेले, आम्ही आपले चार पावलं मागं राहून ऐकायलतो. तो सांगायलता की हा किल्ला लढून घेणं महाकठीण होतं. डोंगराचे कडे खालपासून तासून सरळसोट केलेत, पालीला पण चढता येऊ नये असे. मग खंदक, खंदकावर एकच पूल, आणि पूल ओलांडला की अंधारी. ही अंधारी आम्ही टॉर्च बंद करून गेलो. पायऱ्या वळतात, एक उंच एक बुटकी, मुद्दाम तशा केल्यात, वटवाघळांचा वास नाकात बसतो, हात भिंतीला लावला तर भिंत गार आणि ओलसर, समोरचा माणूस दिसत नाही, आणि मधी एक ठिकाणी उजेड दिसतो तिकडं जावं वाटतं. गाइड म्हणला शत्रू उजेडाकडं जायचा आणि थेट खाली खंदकात. पिंट्या माझा शर्ट धरून होता, नंतर नाही म्हणला.

मला त्या अंधारात काय आठवावं? सलिबा आणि गॅब्रिएल, आमचे दोन डिफेंडर. गेल्या सीझनला आख्ख्या लीगमध्ये आम्ही २९ गोल खाल्ले, ३८ मॅचमध्ये. बॉल घेऊन आमच्या बॉक्सपर्यंत येणारा स्ट्रायकर असाच उजेड बघून चुकीच्या बाजूला जातो. हे आर्टेटानं बांधलंय, कुणी काही म्हणू दे. तो आला तेव्हा आमचा डिफेन्स म्हणजे आठवडी बाजार होता.

वर बारादरीला पोचलो, घामानं निथळून, आणि तिथं सावलीत बसून गाइडनं ती मिठाची गोष्ट सांगितली. १२९६, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. रामदेवराय किल्ल्यात. मुलगा शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर गेलेला. किल्ला पडायचा प्रश्नच नव्हता, दार लावून महिनोन् महिने बसता आलं असतं. म्हणून घाईघाईनं पोती वर चढवली, धान्याची पोती. आणि वेढा पडल्यावर पोती उघडली तर आत मीठ. असं सांगतात. यादवांनी तह केला, सोनं-नाणं दिलं, आणि तो किल्ला असा, न लढता.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघितलं.

"मीठ," पिंट्या म्हणला.

"शंकरदेव म्हणजे हावर्ट्झ," मी म्हणलं.

हसलो, पण खाली उतरताना मला दुसरंच वाटायलं. किल्ल्यात खोट नव्हती, खोट कोठारात होती. मी चार महिने आर्टेटाच्या टॅक्टिक्सला शिव्या दिल्या, हळू खेळतात, आडवे पास, रिस्क घेत नाहीत, सगळं कॉर्नरवर. अरे पण पुढं मारायला माणूसच नसेल तर कुठलाबी मॅनेजर कॉर्नरच मागणार ना. मग पोती कुणी चढवली हा प्रश्न. स्पोर्टिंग डायरेक्टर एडू नोव्हेंबरमध्ये राजीनामा देऊन निघून गेला, नवीन आंद्रेआ बेर्टा मार्चच्या शेवटी आला, मधला आख्खा जानेवारी क्लबकडं कायमचा माणूसच नव्हता. हे मला आधी पण माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि चढून घाम गाळून ती पोती डोळ्यासमोर येणं वेगळं.

पिंट्या ऐकेना. म्हणला, "एडू गेला तरी हा होता ना? ह्याला कोठाराची किल्ली नाही असं तू मला सांगू नको, ह्याच्या मर्जीशिवाय तिथं पान हलत नाही, ओझिलला काढला, ऑबामेयांगची कॅप्टनशिप काढली, सगळं ह्यानंच. ह्यालाच नको होता स्ट्रायकर. सेकंड क्लास घ्यायचा नाही, फर्स्ट क्लास मिळत नाही, म्हणून रिकामं बसला."

हे पण खरं असू शकतं. ऑबामेयांगच्या वेळी मी फार चिडलो होतो, डिसेंबर २०२१, एफए कप जिंकून देणाऱ्या माणसाची पट्टी काढून घेतो म्हणजे काय. पण त्याच्यानंतर ह्या टीममध्ये कुणी वशिल्यावर खेळतंय असं एकदाही वाटलं नाही. साका ह्या क्लबच्या अकॅडमीचा, लुईस-स्केली पण तिथलाच, ही पोरं त्याच्यासाठी जीव काढून पळतात ते टीव्हीवर दिसतं. पळवून घेता येतं ना ह्याला. बाकीचं माहीत नाही पण हे येतं.

खाली येऊन उसाचा रस प्यालो, तीन-तीन ग्लास, बर्फ कमी सांगून. दाजी रसवंतीवाल्याला मिठाची गोष्ट परत सांगायलते आणि त्याच्यात खिलजीऐवजी तुघलक घालून टाकला.


शुक्रवार : वेरूळ, आणि येतानाचा रस्ता

वेरूळबद्दल लोकांनी येवढं लिहिलंय की मी काय भर घालणार. कैलास लेणं, सोळा नंबर, राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठवं शतक, वरनं खाली कोरत आणलेलं. पिंट्या म्हणला आता तू आर्टेटावाल्यांसारखं 'ट्रस्ट द प्रोसेस' म्हणशील. मी म्हणलं नाही म्हणणार. एक सल्ला : बाजूच्या डोंगरावर चढून वरनं बघा, खालून बघण्यापेक्षा जास्त कळतं. घृष्णेश्वरला दर्शन, दुपारी ढाब्यावर शेवभाजी, बाजरीची भाकरी आणि दोन तास झोप.

संध्याकाळी परत निघालो तर रस्ता माणसांनी भरलेला. आम्ही विसरलोच होतो, दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक आदल्या रात्री चालत जातात, आख्खं शहर निघतं, लेकरं, म्हातारी, कॉलेजची पोरं, अनवाणी, हातात भगवे झेंडे, आणि दर शे-दोनशे पावलांवर कुणीतरी टेबल टाकून पाणी, चहा, साबुदाण्याची खिचडी, केळी वाटायलंय, घ्या माऊली घ्या. आम्ही उलट दिशेनं, गाडी चालण्याच्या स्पीडनं. शेवटी दाजींनी गाडी कडंला लावली, म्हणले चला, एक चहा आपण पण घेऊ.

तिथं चहाच्या टेबलाजवळ एक पोरगा, असेल सोळा-सतराचा, अंगात आर्सेनलची जर्सी. ओरिजनल नव्हे, लाल रंग जरा जास्तीच लाल आणि छातीवर एमिरेट्सचं स्पेलिंग गंडलेलं. मागं ओडेगार्ड, आठ नंबर. पायात काही नाही, टाचेला चिखल आणि हळद. पिंट्या ओरडलाच, "गनर!" पोरगं दचकलं, मग असं हसलं की बास. मंगळवारची मॅच बघितली का म्हणलं तर म्हणे घरी सगळे झोपलेले, पांघरुणात घेऊन बघितली.

पिंट्यानं लगेच मुद्द्याला हात घातला. "आर्टेटा इन का आऊट?"

पोरग्याला प्रश्नच कळला नाही. म्हणला, "आऊट म्हणजे? काढायचं? कामून?" मग आम्ही समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणलं, "मी तर दोन हजार बावीसपासून बघायलोय भैय्या. त्याच्याआधी कोण होता?"

"एमरी."

"व्हिलाचा एमरी? तो आपला होता?"

पिंट्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं. पोरग्यानं पंधरावा नंबर बघितलेला नाही, ब्रेंटफोर्डच्या त्या मॅचला तो नव्हता, त्याच्या हिशोबानं आर्सेनल म्हणजे जी टीम दरवर्षी लीगसाठी भांडते ती. मी विचारलं मग राग नाही येत का, दुसरे येतो त्याचा? म्हणला, "येतो ना. लय येतो. पण सरांना काढून काय होणार, सरांनीच तर इथंपर्यंत आणलं." आर्टेटाला सर म्हणला, हे मला फार आवडलं. मग त्याचे मित्र पुढं गेलेले म्हणून तो पळाला, झेंडा खांद्यावर टाकून.

गाडीत पिंट्या म्हणला ह्या पोरांनी वाईट दिवस बघितले नाहीत म्हणून असं बोलतात. दाजी म्हणले, "मग तुम्ही बघितलेत तर तुम्ही जास्ती खूश पायजे." पिंट्या हॉटेल येईपर्यंत बोलला नाही.


शनिवार, १२ एप्रिल : परत लातूर

येताना जालना, अंबड, मग खाली माजलगाव करत परळी. जालन्यात मोसंबीचा ज्यूस घेतला. परळीला वैजनाथाचं दर्शन, हनुमान जयंतीची शोभायात्रा, डीजे, ट्रॅफिक, बास झालं तेवढं. अंबाजोगाईच्या पुढं एका ढाब्यावर जेवायला थांबलो ते दहाच्या मॅचसाठीच, दाजींना सांगितलं भूक लागली.

ब्रेंटफोर्ड, घरची मॅच. येसर आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि फोन पाण्याच्या जगला टेकवलेला. ढाब्यावरचं पोरगं ताट ठेवता ठेवता बघायलतं. बुधवारी माद्रिदला जायचंय म्हणून टीममध्ये बदल केलेले. टिअर्नीचा गोल ऑफसाईड दिला, दाजींना ऑफसाईड समजवायचा प्रयत्न परत एकदा वाया गेला. सेकंड हाफमध्ये कॉर्नर त्यांचा, बॉल आमच्या कीपरकडं, त्यानं फेकला, राइस जो पळाला, आख्खं ग्राउंड, आणि पार्टीला दिला, गोल. ६१ वं मिनिट. मी पिंट्याकडं बघितलं पण नाही, नुसता ठेचा पुढं सरकवला.

७४ ला ब्रेंटफोर्डचा विसा. १-१. मग जॉर्जिन्होला लागलं, सबस्टिट्यूट सगळे आधीच वापरून झालेले, म्हणून शेवटची मिनिटं दहा जणांत. संपली. लिव्हरपूल दहा पॉइंट पुढं आणि त्यांची एक मॅच हातात, म्हणजे लीग संपली, तशी ती आधीच संपलेली होती.

पिंट्यानं फोन काढला. मला वाटलं आता तो स्टार केलेला मेसेज. तो म्हणला, "बोल आयाराम."

मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणलं पाचही सब इतक्या लवकर संपवायला नको होते, हे चुकलं आणि हे त्याचंच चुकलं. मी म्हणलं एक गोल मारून मागं बसायची ह्या टीमची सवय मला आवडत नाही, हे पण त्याचंच, ही सवय २०२३ पासून आहे आणि ती जाईना. पण 'आऊट' म्हण म्हणलास तर नाही म्हणणार. पिंट्या म्हणला म्हणजे इन? मी म्हणलं इन पण नाही. जानेवारीचं मीठ मी विसरलेलो नाही. ह्या उन्हाळ्यात बेर्टा आहे, आर्टेटा आहे, पैसा आहे, कुणाची किल्ली कुणाकडं ह्याचं आता काही कारण नाही. खरा स्ट्रायकर आणा, नऊ नंबरचा, जो ब्रेंटफोर्डला असल्या मॅचला दुसरा गोल मारील. एक सप्टेंबरपर्यंत नाही आणला तर मी स्वतः पिंट्याच्या पार्टीत, कायमचा, आणि ह्यावेळी स्टॅम्प पेपरवर.

पिंट्या म्हणला लिहून दे. ढाब्याच्या बिलाच्या मागं लिहून दिलं, दाजींनी साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली विचारलं, "पण बुधवारी माद्रिदला तीन-शून्य पुढं असून हरलात तर?"

त्याच्यावर मात्र आम्ही दोघं एका आवाजात बोललो, ते इथं लिहिता येणार नाही.